नवीन टायर टाकल्यावर टीपीएमएसचा (टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टीमचा) दिवा जात नाहीये? आधी हे बघा
पहिलं काम म्हणजे सकाळी गाडी थंड असताना हवा चेक करा, कारण दुकानवाले बरेचदा अंदाजाने भरतात, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचाच घ्या, टायरवर लिहिलेला नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. हवा बरोबर असूनही दिवा लागलेलाच? मग रीसेट राहिलंय. बऱ्याच गाड्यांत वेगळा सेन्सर नसतो, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या) सेन्सरवरून चाकाचा वेग मोजून हवेचा अंदाज घेतात, नवीन टायरचा घेर थोडा वेगळा असतो म्हणून सिस्टीमला परत शिकवावं लागतं, बटण किंवा स्क्रीनच्या मेनूतून रीसेट करून थोडं फिरवून आणा. पण स्टार्ट केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर सिस्टीममध्येच बिघाड आहे, गाडीत टायरच्या व्हॉल्व्हला जोडलेला वेगळा सेन्सर असेल तर टायर काढताना तुटलाय का ते दुकानात जाऊन तपासून घ्याच.