उभ्या गाडीची बॅटरी: नवीन आलेल्यांसाठी

इथे आल्यावर गाडी घेतली जाते, पण रोजची ये-जा ट्रेननं होते. गाडी तीन-तीन आठवडे जागची हलत नाही. मग एका थंड सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं टक-टक-टक, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. अशा वेळी आधी बॅटरीच बघा, स्टार्टर नंतर.

बंद गाडीही वीज खात असते. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ मिळून साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर. 50 धरले तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी 25 दिवसांत अर्धी. त्यात कायम जोडलेला डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून उन्हाळ्यात चालून गेलेली अर्धी बॅटरी हिवाळ्यात दगा देते.

एक साधा मल्टिमीटर घ्याच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली गेली की चार्ज करायला उशीर झालाय.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना केबलचा क्रम चुकवू नका. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी उडते ती शेवटच्या जोडणीलाच. पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. केबल काढताना उलटा क्रम. बॅटरी गोठून फुगली असेल तर मात्र हात लावू नका. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं, म्हणून ती लवकर गोठते. बॅटरी डिकीत असेल, तर बहुतेक गाड्यांत बोनेटखाली केबल जोडायला प्लसचा खांब दिलेला असतो. हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याला करंट देण्याआधी मॅन्युअल वाचा, काही कंपन्या मनाई करतात.

गाडी सुरू झाली की लगेच बंद करू नका. आणि दर रविवारी दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवण्याचा जो सल्ला सगळे देतात, तो सोडून द्या. आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) कमी वीज देतो, त्यातली बरीचशी हीटर आणि दिवेच खातात. अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवलीत तर उपयोग. पार उतरलेली बॅटरी तेवढ्यानंही भरत नाही, तिला चार्जरच लागतो.

घराशी प्लग असेल तर आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर हाच खरा इलाज. 1 ते 4 अँपिअरचा पुरतो. तो जोडून आठवडेच्या आठवडे ठेवता येतो. बॅटरी फार खाली गेली असेल तर काही चार्जर तिला ओळखतच नाहीत, म्हणून वेळेत जोडा. प्लग नसेल आणि महिनाभर गावी जात असाल तर मायनस टर्मिनल सोडवून ठेवा. परत आल्यावर घड्याळ, काचा आणि काही गाड्यांत रेडिओचा कोड पुन्हा सेट करावा लागतो.

बॅटरी वारंवार पार उतरली की प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं आणि क्षमता परत येत नाही. नवी घेताना, स्टार्ट-स्टॉप असलेल्या (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत आधी होती त्याच प्रकारची, एजीएम किंवा ईएफबी (अशा वारंवार सुरू-बंदसाठी बनवलेल्या बॅटऱ्या), बसवा; साधी स्वस्त पडते पण टिकत नाही.

रिमोटनं उघडणाऱ्या गाडीत बॅटरी मेली की दारही उघडत नाही. रिमोटच्या पोटात धातूची किल्ली असते, आणि तिचं भोक बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर एका टोपीखाली लपलेलं असतं. ते आजच शोधून ठेवा.