गोधडी आधी काढा

पहिलं पीएम, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन, मी एकटीने मे महिन्यात केलं. घोडबंदर रोडवरच्या घरातला लॅब्रॅडोर, रात्री गेलेला. घरच्यांनी मायेने गोधडीत गुंडाळून ठेवला होता. सकाळी अकराला पोट उघडलं तर आतडी हिरवट पडलेली, यकृत बोटाखाली दबत होतं. फॉर्मेलिनमधले (नमुने टिकवणाऱ्या द्रवातले) तुकडे लॅबला गेले, उत्तर आलं: नमुना कुजलेला, निदान शक्य नाही. तो का गेला हे त्या घराला मी सांगू शकले नाही, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून नवीन मुलांना सांगते, पीएम फोनवरच सुरू होतं. गोधडी काढायला सांगा, तिच्या उबेत शरीर लवकर कुजतं; पोटाला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या लावा, लगेच निघा. उशीर होणार असेल तर ४ अंशांचा फ्रीज. डीप फ्रीझर नको, गोठताना पेशी फाटतात आणि मायक्रोस्कोपखाली काही उरत नाही.

वागणं अचानक बदललं होतं का, कुणाला चावला का, हे उघडण्याआधी विचारा. होकार आला तर सुरी खाली ठेवा आणि वरिष्ठांना बोलवा, रेबीज असू शकतो. तुमची स्वतःची रेबीजची लस तर आधीच झालेली हवी. पावसाळ्यात पिवळा पडलेला कुत्रा आला की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा संसर्ग) धरूनच चालायचं: दुहेरी ग्लोव्हज, चष्मा, मास्क.

विषाचा संशय असेल तर घरच्यांनी कितीही घाई केली तरी आधी पोलिसांना कळवा. जनावराला विष घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ त्याचंच आहे.

केस ओले करून मगच चीर द्या, नाहीतर ते आत चिकटतात. आतडी शेवटी उघडा, त्यातली घाण बाकी नमुन्यांवर जाते. कळव्याच्या एका मांजराच्या छातीत रक्त साठलं होतं, गुठळी मात्र एकही नाही. उंदराच्या औषधाची शंका आली, त्याने रक्त गोठत नाही, म्हणून यकृताचा एक तुकडा फॉर्मेलिनशिवाय, वेगळ्या डबीत गोठवला. विषाच्या तपासणीला तोच लागतो. फॉर्मेलिनमधला तुकडा पाऊण-एक सेंटीमीटरहून जाड नको, आणि द्रव त्याच्या दहापट.

निदान लगेच लिहू नका. रंग, आकार, वजन, जे दिसलं तेच लिहा.

मग नीट शिवा, पुसा, केस वाळवा, पट्टा पुन्हा घाला. आता गोधडी गुंडाळायला हरकत नाही.