किनारी खोऱ्यात तेल-वायू सापडल्याची बातमी कशी वाचावी

समुद्राखालच्या खोऱ्यात एखाद्या कंपनीला तेल किंवा वायू सापडल्याची बातमी आली, की लातूर, जालना, नांदेडमधील समभागधारक त्या कंपनीचा भाव पाहू लागतात आणि भूशास्त्राचे विद्यार्थी त्याच बातमीत नोकरीची वाट शोधतात. दोघांनाही उपयोगी पडेल अशी वाचनाची एक रीत येथे मांडत आहे. सापडणे, मोजणे आणि प्रत्यक्ष उत्पादन होणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. कंपनीचे निवेदन त्यांपैकी कोणत्या अवस्थेविषयी बोलत आहे, हे प्रत्येक आकड्यापाशी थांबून ठरवावे.

प्रथम जागा निश्चित करावी. कृष्णा-गोदावरी खोऱ्याचे नाव वाचून पैठण, गंगाखेड किंवा नांदेडजवळ काही सापडले असा समज करून घेऊ नये. तेल-वायूच्या संदर्भातले हे खोरे आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगत आहे. त्याचा काही भाग जमिनीवर आणि बराच भाग बंगालच्या उपसागराखाली असून, नद्यांनी कोट्यवधी वर्षे वाहून आणलेला गाळ तेथे थरावर थर साचलेला आहे. तेलासाठी सेंद्रिय द्रव्य असलेला गाळाचा खडक खोल जाऊन पुरेसा तापावा लागतो, तयार झालेले तेल सामावणारा सच्छिद्र खडक जवळ असावा लागतो आणि त्यावर ते निसटू न देणारे घट्ट आवरण असावे लागते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे संशोधनासाठी घेतलेल्या छिद्रात सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा जेमतेम काही मीटरांचा थर आणि मग लगेच अतिप्राचीन पायाचा खडक लागला. तेल शिजण्याजोगा जाड गाळ निदान तेथे तरी नाही, आणि कंपन्या किनाऱ्याकडे का वळतात याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

नंतर विहीर कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणातून खडकांची रचना दिसते. त्या रचनेत तेल आहे की पाणी, हे मात्र बहुधा विहीर खोदल्यावरच कळते. पहिली ती शोधविहीर. साठ्याचा विस्तार तपासण्यासाठी खोदलेल्या त्या मूल्यांकन विहिरी. आणि नियमित उत्पादनासाठी खोदलेल्या त्या विकास विहिरी. बातमी पहिल्या विहिरीची असेल, तर तिच्यावरून उत्पन्नाचा हिशेब मांडू नये.

सर्वाधिक फसगत चाचणीच्या आकड्याने होते. शेतात बोअर घेतला त्या दिवशी दोन इंची पाणी उसळले, म्हणून ते चैत्र-वैशाखात टिकेलच असे मराठवाड्यातला कोणताही शेतकरी मानणार नाही. तेलविहिरीच्या चाचणीकडेही त्याच सावधपणाने पाहावे. ‘दिवसाला इतके पिंप’ हा दर काही तासांच्या किंवा काही दिवसांच्या चाचणीत मिळालेला असतो. प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेचे तोंड किती उघडे होते, चाचणी किती वेळ चालली आणि त्या काळात दाब किती घटला, या तीन गोष्टी निवेदनात दिल्या नसतील तर त्या दराला फारसे वजन देऊ नये. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर, हे रूपांतर हाताशी ठेवावे.

साठ्याच्या आकड्यातही भेद करावा. खडकात असलेले एकूण तेल आणि त्यातून काढता येण्याजोगे तेल यांत मोठे अंतर असते. तेलाच्या बाबतीत अनेकदा एकतृतीयांशाच्या आसपासच हाती लागते, वायूच्या बाबतीत प्रमाण बरेच अधिक असते. काढता येण्याजोग्या साठ्याचेही सिद्ध, संभाव्य आणि शक्य असे वर्ग असतात. अंदाजाइतके किंवा त्याहून अधिक हाती येण्याची शक्यता निदान ९० टक्के असेल, तरच त्या साठ्याला सिद्ध म्हणतात. निवेदनात वर्ग सांगितलेलाच नसेल, तर तो आकडा आशेचा समजावा.

हे किती महत्त्वाचे आहे, ते कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील रिलायन्सच्या केजी-डी६ क्षेत्राच्या इतिहासावरून कळते. तेथील वायूचा शोध २००२ मध्ये लागला, उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये ते दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत पोहोचले. पण नंतर विहिरींत पाणी व वाळू शिरत गेली आणि उत्पादन कोसळले. कंपनीने भूगर्भाच्या गुंतागुंतीचे कारण दिले, तर शासनाने ठरल्याइतक्या विहिरी न खोदल्याकडे बोट दाखवले. डी-१ व डी-३ ही त्यातील मुख्य क्षेत्रे फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच परिसरातील दुसऱ्या साठ्यातून वायू मिळू लागला, म्हणून एका साठ्याच्या अपयशावरून संपूर्ण खोरे निकामी ठरवणेही चूकच आहे.

कालावधीचा अंदाज पाण्याच्या खोलीवरून बांधावा. मुंबई हायचा शोध १९७४ मधला आणि उत्पादन १९७६ मधले. तेथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे आणि तळावर पाय रोवून मंच उभारता येतो. आपल्याकडील परवाना धोरणात ४०० मीटरांपलीकडे खोल समुद्र मानतात. तेथे समुद्रतळावरची यंत्रणा, लांब वाहिन्या आणि कित्येकदा तरंगते उत्पादन-जहाज लागते, म्हणून पाच-सात वर्षांचा विलंब गृहीत धरावा.

कंपनीचा वाटा किती, हेही तपासावे. एका क्षेत्रात अनेक भागीदार असतात आणि उत्पन्नातून स्वामित्वधन (रॉयल्टी) व शासनाचा हिस्सा जातो. संपूर्ण क्षेत्राचे उत्पादन एकाच कंपनीच्या नावावर मांडू नये.

पडताळणीसाठी वृत्तपत्राच्या मथळ्याऐवजी कंपनीने शेअर बाजाराला दिलेले मूळ निवेदन वाचावे आणि ते हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या वार्षिक अहवालाशी ताडून पाहावे. उत्पादन सुरू झाल्यावर पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाचे मासिक आकडे आणि कंपनीचे तिमाही निकाल एका वहीत शेजारी-शेजारी उतरवत जावे; निदान वर्षभराच्या नोंदी झाल्या, की पहिल्या चाचणीचा दर आणि टिकलेला दर यांतील फरक स्वतःच्या हिशेबाने मांडता येतो.