अचानक दिसेनासं झालं आणि डोकंही फुटायला लागलं? या चुका टाळा

डोळ्यांपुढे अंधार आला की आपल्याकडे निदान ठरलेलं: पित्त, ऊन, नाहीतर चष्म्याचा नंबर. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण त्याच वेळी डोकं आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं एकदम दुखलं, उलटी झाली, मान आखडली, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटल्याचं धरूनच हालचाल करा. तालमीत जोर मारताना किंवा उसाची मोळी उचलतानाही हे होऊ शकतं. रक्त मेंदूभोवती पसरतं, कवटीतला दाब चढतो आणि काहींच्या डोळ्याच्या आतही रक्त उतरतं. यालाच टर्सन सिंड्रोम म्हणतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी चष्म्याचं दुकान गाठणं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचलाच असाल, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी डोकेदुखीचं सांगा. मेंदूची अवस्था बाहुलीवरून कळते, थेंबांनी ती खूणच पुसली जाते. डोकं न दुखता एकाच डोळ्याचं दिसणं गेलं, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. लिंबू सरबत, चहा, काही पाजू नका. शुद्ध हरपली तर ते श्वासनलिकेत जातं. आणि गाडीवर मधे बसवून नेणं तर नकोच. १०८ लावा. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी दवाखाना, सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आत्ता आहेत का, हे फोनवरच विचारा. गगनबावडा, राधानगरीसारख्या लांबच्या तालुक्यांतल्यांनी तर हमखास.

दुखायला नेमकं किती वाजता लागलं, ते लिहून ठेवा. पहिल्या सहा तासांतला सीटी स्कॅन रक्तस्राव सहसा चुकवत नाही. उशीर झाला तर स्कॅन साफ दिसूनही पाठीतलं पाणी तपासावं लागतं.

“आता बरं वाटतंय, उद्या बघू” हेही नेहमीचंच. पहिली गळती थोडी असेल तर दुखणं ओसरतं, पण पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वांत जास्त. क्लिप लावून किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन आत कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, भरून तो फुगा बंद करतात.

एका डोळ्याची पापणी अचानक खाली आली, बाहुली मोठी झाली, एकाचे दोन दिसू लागले, तर फुगा डोळ्याकडच्या मज्जातंतूवर दाबत असू शकतो. कधी कधी हे फुटण्याआधीच होतं, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक, जे घरचे हमखास विसरतात. पेशंट शुद्धीवर आल्यावर “धुरकट दिसतंय” म्हणाला, तर अशक्तपणा म्हणून सोडू नका. डोळ्यातलं रक्त विरायला काही महिने लागू शकतात, न विरल्यास शस्त्रक्रियेने काढता येतं. डिस्चार्जच्या आधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी मागून घ्या.