सिक्वेल येतोय आणि खोलीत कूलर आहे? मग आधी हे करा

आवडत्या मालिकेवरच्या गेमचा दुसरा भाग जाहीर झाला की तारीख पेन्सिलनंच लिहून ठेवा. ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेवरच्या ‘स्टिक ऑफ ट्रुथ’ या गेमचा पुढचा भाग डिसेंबर २०१६ला यायचा होता, आला ऑक्टोबर २०१७मध्ये. गेम बनवणारा स्टुडिओ बदलला, लढाईसुद्धा बुद्धिबळासारखी चौकटींवर आली. म्हणजे नुसत्या ट्रेलरवर पैसे टाकू नका. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून रिलीजआधीच घेतलाच, तर रिलीजनंतर १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असेल तर पैसे परत मागता येतात.

प्रीलोड, म्हणजे रिलीजआधीचं डाउनलोड, आदल्या रात्रीच उरका. ४० जीबीला ५० एमबीपीएसवर पावणेदोन तास तरी लागतात. डाउनलोड पूर्ण, तरी गेम सुरू होत नाही? अनेकदा डिस्कवर जागा कमी पडलेली असते: फाइली कुलूपबंद येतात, रिलीजला उघडताना जास्तीची जागा खातात. गेमच्या आकाराच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा.

आता खरा नागपुरी प्रश्न. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, त्यात कूलर. त्याची ओली हवा थेट कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर सोडू नका. धूळ ओलसर होऊन फॅनच्या पात्यांना लगद्यासारखी चिकटते. कूलर खिडकीत, कॅबिनेट झोतापासून बाजूला, मागे वीतभर जागा. धूळ उडवायला ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. एवढं करूनही गेम अडखळला तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांधा. सीताबर्डीच्या बाजारात नवं ग्राफिक्स कार्ड बघायला जाण्याआधी हे करून पाहाच.