कोबीची फोड मुख्य प्लेटवर: चव, वजनकाटा आणि तब्येत

फाइन डायनिंगच्या मेनूतून मांस, लोणी आणि क्रीम काढलं की बहुतेक स्वयंपाकघरांत एकच चूक होते. चव फिकी वाटते म्हणून मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट जपानी पेस्ट) आणि सोया सॉस वाढत जातो. तोंडात स्निग्धपणा उरत नाही म्हणून नारळाचं तेल आणि काजूची पेस्ट ओतली जाते. पाहुणा ‘आज हलकं जेवलो’ म्हणत उठतो आणि तोवर त्याच्या पोटात दोन दिवसांचं मीठ गेलेलं असू शकतं. वनस्पतीजन्य जेवणाचा जो फायदा सांगितला जातो तो कडधान्यं, भाज्या, बिया आणि सुकामेव्यातून येतो. ताटात मांस नाही एवढ्यानं तो मिळत नाही.

म्हणून इथे एकच पदार्थ, पण वजनासकट. मोठ्या आचेवर भाजलेली कोबीची फोड, खाली पांढऱ्या राजम्याचं क्रीम, वरून मशरूमचा गडद सॉस, बाजूला आंबवलेलं गाजर (हे ५-६ दिवस आधी घालायचं) आणि भोपळ्याच्या बिया. प्रमाण ६ प्लेटचं आहे. चवीची खोली मिठातून न काढता आच आणि वेळ यांतून काढायची, हे या पदार्थाचं सूत्र. भाजीला मांसाचा मान द्यायचा तर तिच्यावर मांसाइतकीच मेहनत हवी. पॅरिसच्या लार्पेज रेस्टॉरंटमध्ये शेफ अलँ पासार यांनी २००१ साली तांबडं मांस मेनूतून काढलं आणि अख्खं बीट मिठाच्या कवचात भाजायला घेतलं, ते याच विचारानं.

आदल्या रात्री

३० ग्रॅम सुके शिताके मशरूम १ लिटर गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर कोमट पाणी वापरायचा मोह होतो, तो टाळा. शिताकेच्या चवीचा जीव ग्वानिलेट या चव वाढवणाऱ्या घटकात असतो, आणि ४०-५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते मोडून टाकणारं एन्झाइम जोरात काम करतं. गार पाण्यात मशरूम नुसते फुगतात. ग्वानिलेट तयार होतं ते दुसऱ्या दिवशी तापवताना, ६०-७० अंशांच्या टप्प्यात. तेव्हा सुरुवातीला आच मंद ठेवा, पाणी एकदम उकळीला नेऊ नका.

२०० ग्रॅम पांढरा राजमा १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ घालून १२ तास भिजत घाला. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या दाण्याची साल मऊ होते आणि शिजताना फुटत नाही. सालीतल्या पेक्टिनला (पेशींना जोडणाऱ्या चिकट पदार्थाला) घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियममुळे हटतं. यातलं बहुतेक मीठ सकाळी पाण्याबरोबर टाकून दिलं जाणार आहे.

सॉस

१ किलो साध्या बटण मशरूमचे काप २० ग्रॅम तेलात घोळून मोठ्या ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि २०० अंशांवर ४०-४५ मिनिटं भाजा. मधे दोनदा परता. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल, आणि त्यानंतर रंग चढायला लागेल. बहुतेक जण पाणी आटल्याबरोबर ट्रे बाहेर काढतात, इथेच सॉस फसतो. मशरूम चॉकलेटी व्हायला हवेत, कडा कुरकुरीत, आणि ट्रेच्या तळाला चिकटलेला तांबूस थर दिसायला हवा. काळे मात्र नकोत, कारण आटवताना कडूपणाही तितकाच आटतो.

जाड बुडाच्या भांड्यात ३०० ग्रॅम कांदा आणि १०० ग्रॅम गाजर थोड्या तेलात खमंग परता. त्यात ५० ग्रॅम टोमॅटो पेस्ट घालून विटकरी रंग येईपर्यंत ४-५ मिनिटं परता. भाजलेले मशरूम, भिजलेले शिताके, त्यांचं पाणी (तळाची माती सोडून) आणि आणखी १ लिटर पाणी घाला. ट्रेमध्ये थोडं पाणी टाकून तळ खरवडून तेही ओता. मंद आचेवर ५० मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको. कोबीची वरची पानं किंवा दांडे यात टाकू नका, गंधकाचा वास सगळ्या सॉसला लागतो. गाळून, चोथा दाबून पिळून, पाणी ३५० मिलीपर्यंत आटवा. तोपर्यंत मिठाचा कणही नको. २ लिटरला बेताचं वाटणारं मीठ ३५० मिलीत असह्य होतं. आच बंद करून २० ग्रॅम मिसो गाळणीतून मिसळा. शिताकेचं ग्वानिलेट आणि टोमॅटो-मिसोचं ग्लुटामेट (तोंडात रेंगाळणाऱ्या खमंग चवीचा घटक) एकत्र आलं की एकमेकांची चव कितीतरी वाढवतात, आणि मग थोडं मीठही भरपूर वाटतं.

मांसाच्या सॉसला अंग येतं जिलेटिनमुळे. इथे ते नाही, म्हणून ०.७ ग्रॅम झँथन गम (सॉस दाट करणारी पूड), म्हणजे सॉसच्या ०.२ टक्के. तो २० ग्रॅम ऑलिव्ह तेलात कालवून ब्लेंडर चालू असताना सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. प्रमाण ०.४ टक्क्यांच्या वर गेलं की सॉस तार धरतो आणि जिभेला बुळबुळीत लागतो. इतक्या बारीक वजनाला ०.१ ग्रॅम मोजणारा काटा लागतो, चमच्याचा अंदाज चालत नाही.

अशा स्टॉकमध्ये कोंबू घालायची पद्धत आहे, कारण किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली ग्लुटामेट वेगळं काढलं ते याच समुद्री शेवाळातून. इथे तो मुद्दाम वगळला आहे. एक ग्रॅम सुक्या कोंबूत हजार मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन सहज असतं, प्रौढ माणसाला दिवसाला लागतं १५०, आणि ते पाण्यात उतरतं. दहा ग्रॅमचा तुकडा घालून आटवलेला स्टॉक सहा जणांत वाटला तरी थायरॉइडचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना तो जास्तच होतो. कोंबू वापरायचाच असेल तर अख्ख्या मेनूत एका छोट्या पदार्थात, आणि पाहुण्याला सांगून.

राजम्याचं क्रीम

भिजवलेलं पाणी टाकून द्या. पोट फुगवणाऱ्या साखरा बऱ्याचशा त्याच्याबरोबर जातात. ताज्या पाण्यात राजमा चढवा, खळखळ उकळी आल्यावर १० मिनिटं तशीच राहू द्या, मग आच कमी करून ६०-७५ मिनिटं शिजवा. दाणा जिभेनं टाळूवर दाबला तर कणी लागता कामा नये.

ही १० मिनिटांची उकळी ऐच्छिक नाही. सू-व्हीडची (बंद पिशवीत कमी तापमानावर शिजवायची) सवय लागलेल्या किचनमध्ये राजमा पिशवीत घालून ८०-८५ अंशांवर ठेवायची हौस असते. राजम्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) तेवढ्या उष्णतेत नष्ट होत नाही, उलट कच्च्याहून जास्त घातक ठरू शकतं. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. पांढऱ्या राजम्यात ते तांबड्यापेक्षा कमी असतं, पण असतं. पिशवीत शिजवायचंच असेल तर आधी उकळी, मग पिशवी.

गरम राजमा ८० मिली शिजवलेल्या पाण्यासह, ४० ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि ३ ग्रॅम मीठ घालून ब्लेंडरमध्ये ३-४ मिनिटं फिरवा. १५ मिली लिंबाचा रस शेवटी. शिजताना आंबट पडलं तर दाणा तासन्‌तास कडक राहतो. क्रीम सरसरीत हवं, चमच्यावरून जाड धारेनं पडेल असं. बारीक चाळणीतून गाळलं तर रेशमी होतं खरं, पण सालीतला चोथा चाळणीत राहतो आणि फायबर कमी होतं. ब्लेंडर दमदार असेल तर गाळू नये, असं आमचं स्पष्ट मत.

कोबी

सव्वा किलोचा घट्ट कोबी मधल्या दांड्यातून उभा चिरून ६ फोडी करा. दांडा काढू नका, पानं त्याच्यामुळेच एकत्र राहतात. वाफेवर १०-१२ मिनिटं. सुई दांड्यात शिरताना किंचित अडली पाहिजे. फार शिजला की गंधकयुक्त वास झपाट्यानं वाढतो, आणि तो नंतर कशानंही झाकला जात नाही.

वाफवलेल्या फोडी जाळीवर ठेवून न झाकता १ तास फ्रीजमध्ये सुकवा. हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग रंग चढायला साधारण १४० लागतात. ओली फोड तव्यावर टाकली की ती वाफेत आणखी शिजते, आत लगदा होतो, बाहेर राखाडी राहते.

जाड लोखंडी तव्यात १५ ग्रॅम तेल चांगलं तापवा, चिरलेली बाजू खाली ठेवून वर जड भांड्याचं वजन द्या, एकेका बाजूला ४-५ मिनिटं. फोड आपोआप सुटत नसेल तर ती झालेली नाही. सगळ्या फोडींत मिळून २ ग्रॅम मीठ. शेवटी चमचाभर सॉस तव्यातच फोडीवर घालून ३० सेकंद चकाकी आणा.

वर घालायला चिमूटभर कच्ची मोहरीची पूड. कोबीवर्गातल्या ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त घटकांचं तब्येतीला चांगल्या समजल्या जाणाऱ्या संयुगांत रूपांतर करणारं मायरोसिनेज हे एन्झाइम शिजताना निकामी होतं. मोहरीत तेच एन्झाइम असतं. चवीलाही हलका झणका येतो. पण यावरून मेनूवर ‘कर्करोगरोधक’ वगैरे लिहायला जाऊ नका.

गाजर आणि बिया

गाजराच्या पातळ पट्ट्या आणि पाणी मिळून जेवढं वजन होईल त्याच्या २ टक्के मीठ घाला, पट्ट्या पाण्याखाली दाबून २०-२२ अंशांत ५-६ दिवस ठेवा. पीएच (जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला पाहिजे. चांगलं आंबलेलं गाजर ४ च्याही खाली असतं. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका. रंगीत लव दिसली तर अख्खी बरणी फेका. ९० ग्रॅम भोपळ्याच्या बिया १६० अंशांवर १०-१२ मिनिटं भाजून जाडसर कुटा, मीठ न घालता.

हिशेब

एका प्लेटमध्ये मीठ असं जमतं: मिसोतून ०.४ ग्रॅम, राजम्यातून सुमारे ०.६, गाजराच्या २० ग्रॅममधून ०.४, कोबीवरचं ०.३. एकूण सुमारे १.७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे एकट्या मुख्य पदार्थाला हे ठीक, पण आठ पदार्थांच्या मेनूत प्रत्येक ताटली अशीच असेल तर एका जेवणात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास होतात. छोट्या ताटल्या अर्ध्या ग्रॅमवर आणा. सोया सॉसमध्ये मीठ साधारण १५ टक्के असतं, २० ग्रॅमचा एक ‘हलका’ शिडकावा म्हणजे ३ ग्रॅम.

प्रथिनं साधारण १४ ग्रॅम भरतात: राजमा ७, बिया साडेचार, उरलेली कोबीतून. अनेक पदार्थांच्या जेवणात पुरेशी, एकट्या प्लेटवर जेवण भागवायचं असेल तर प्रत्येकी ४० ग्रॅम टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) भाजून घाला. फायबर १० ग्रॅमच्या आसपास येतं, दिवसाची शिफारस निदान २५ ग्रॅमची आहे. तेलाबद्दल इतकंच: १०० ग्रॅम लोण्यात संपृक्त चरबी सुमारे ५० ग्रॅम, नारळाच्या तेलात ८० च्या वर. ‘व्हिगन बटर’चं लेबल वाचल्याशिवाय ते हृदयाला बरं समजू नका.

याची दुसरी बाजूही आहे. राजमा, कोबी, मशरूम, कांदा, चारही पोटात वायू धरणारे. ज्या मेनूत ही प्लेट आहे त्यात दुसरीकडे कडधान्य आणि फ्लॉवर-ब्रोकोली ठेवू नका, आणि भाजलेली फोड १८० ग्रॅमच्या वर नेऊ नका. इरिटेबल बॉवेलचा (आतडं संवेदनशील असण्याचा) त्रास असलेल्याला हा पदार्थ देऊच नये.

पाहुण्याला विचारताना ‘व्हिगन आहात का’ एवढ्यावर थांबलं तर घोटाळा होतो. या प्लेटमध्ये सोया आणि मोहरी आहे, आणि काही मिसो जवापासून बनतो, म्हणजे ग्लुटेनही. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांना व्हिटॅमिन के एकदम वाढलेलं चालत नाही, म्हणून पार्सलीचं हिरवं तेल सजावटीला वापरत असाल तर त्यांना नको. लोहाचा विचार करायचा तर चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं द्या, टॅनिन शोषणात आडवं येतं. लिंबाचा रस आहे तो मदतच करतो. बी-१२ मात्र यातल्या कशातूनच मिळत नाही. आंबवलेल्या भाजीवर त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही, आणि स्पिरुलिना या शेवाळात दिसतं ते बहुतांशी शरीराच्या उपयोगाचं नसतं.

मशरूम बदलायचे असतील तर मोरेल कच्चे किंवा अर्धवट शिजवून कधीच देऊ नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात एका रेस्टॉरंटमध्ये तसे मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, त्यातले दोघे दगावले. शिताकेही नीट शिजलेले हवेत, कच्चट राहिले तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात.

सर्व्हिस

क्रीम ६५ अंशांवर झाकून ठेवा, उघडं राहिलं की साय धरते. घट्ट झालं तर राजम्याचंच पाणी घाला. ताटली गरम हवी. आधी १०० ग्रॅम क्रीम, चमच्याच्या पाठीनं एकाच बाजूला ओढून. त्यावर फोड, भाजलेली बाजू वर. कडेनं ५० मिली सॉस. बिया फोडीच्या पानांत खोचा, सॉसवर टाकल्या तर दोन मिनिटांत मऊ पडतात. गाजर अगदी शेवटी आणि गारच, तापलं की त्यातले जिवंत जिवाणू मरतात.

सॉस फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतो, क्रीम ३ दिवस, दोन्ही उथळ भांड्यात पटकन गार करून. वाफवलेला कोबी त्याच दिवशीचा हवा. चवीसाठी लसूण तेलात मंद शिजवून ठेवणार असाल तर ते तेल बाहेर ओट्यावर ठेवू नका: हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढतो आणि वासावरून कळत नाही. फ्रीजमध्ये, बरणीवर तारीख घालून, ४ दिवसांच्या आत संपवा.