यंत्रमाग कारखान्याच्या स्विचवर व्हीलॅन : मांडणी आणि देखरेख

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचे जे मध्यम आकाराचे कारखाने आहेत, त्यांच्या नेटवर्कची वाढ बहुधा गरज पडेल तशी होत जाते. आधी हिशेबाचे संगणक येतात, मग हजेरीचे यंत्र, मग कॅमेरे आणि शेवटी परगावच्या व्यापाऱ्यांसाठी वायफाय. हे सारे एकाच जाळ्यात राहिले, तर पाहुण्याचा मोबाइल आणि टॅलीचा संगणक एकमेकांना थेट गाठू शकतात. मॅनेज्ड स्विचवर, म्हणजे केबल जोडणाऱ्या आणि मांडणी बदलता येणाऱ्या यंत्रावर, व्हीलॅन (त्याच तारांवरील आभासी वेगळी जाळी) तयार करून, नव्या केबल न टाकता, याच जाळ्याचे स्वतंत्र भाग पाडता येतात.

स्विचला हात लावण्याआधी कागदावर तक्ता करावा. उदाहरणादाखल कार्यालयासाठी १०, कॅमेऱ्यांसाठी २०, पाहुण्यांसाठी ३० आणि स्विचच्या व्यवस्थापनासाठी ९९ हे क्रमांक घ्यावेत आणि आयपी पत्त्यांत तोच आकडा ठेवावा, म्हणजे १९२.१६८.२०.१५ हा पत्ता दिसताच तो कॅमेऱ्यांच्या भागातील आहे हे कळते. क्रमांक १ ते ४०९४ या मर्यादेत कोणताही चालतो, परंतु १ हा स्विचचा मूळ व्हीलॅन असल्याने तो कामासाठी वापरू नये. प्रत्येक पोर्टपुढे कोणते यंत्र जोडले आहे, हेही तक्त्यात लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच वाचते.

त्यानंतर पोर्टचे दोन प्रकार नीट समजून घ्यावेत. आयट्रिपलई ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेममध्ये, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, ४ बाइटचा टॅग (खूणचिठ्ठी) घातला जातो आणि त्यातील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. संगणक, कॅमेरा किंवा प्रिंटर यांना सहसा हा टॅग कळत नाही, म्हणून त्यांचा पोर्ट ॲक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनचा आणि अनटॅग्ड ठेवावा. दोन स्विचमधील, स्विच ते राउटर आणि एकाच वेळी कार्यालयाचे व पाहुण्यांचे वायफाय देणाऱ्या ॲक्सेस पॉइंटकडे जाणारा पोर्ट मात्र ट्रंक असावा, कारण त्यावरून अनेक व्हीलॅनच्या फ्रेम टॅगसह जातात.

वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर एक ठेच हमखास लागते. अशा अनेक स्विचमध्ये पोर्टला व्हीलॅनचा अनटॅग्ड सदस्य करणे आणि त्या पोर्टचा पीव्हीआयडी, म्हणजे टॅग नसलेली आत येणारी फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये टाकायची त्याचा क्रमांक, बदलणे या दोन वेगळ्या कृती असतात. समजा, कॅमेऱ्याचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड केला, पण पीव्हीआयडी १ राहिला. आता कॅमेऱ्यांची चित्रे साठवणाऱ्या रेकॉर्डरकडून आलेली फ्रेम कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते, मात्र कॅमेऱ्याचे उत्तर स्विचमध्ये शिरताच व्हीलॅन १ मध्ये टाकले जाते. पोर्टचा दिवा लुकलुकत राहतो, चित्र मात्र येत नाही, आणि बिचाऱ्या केबलवर संशय घेतला जातो. अशा वेळी स्विचचा मॅक ॲड्रेस तक्ता, म्हणजे कोणत्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता कोणत्या पोर्टवर आणि व्हीलॅनमध्ये दिसला याची यादी, उघडावा. कॅमेऱ्याचा पत्ता २० ऐवजी १ समोर दिसला, की दोष कुठे आहे ते उघड होते.

सिस्कोच्या स्विचवर ट्रंकची परवानगी वाढवताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ या आदेशात ‘ॲड’ हा शब्द न विसरता लिहावा. तो राहून गेला, तर नवा क्रमांक यादीत मिळवला जात नाही, जुनी यादीच पुसून तिच्या जागी बसतो आणि चालू नेटवर्क तुटते. ट्रंकच्या दोन्ही टोकांचा नेटिव्ह व्हीलॅनही, म्हणजे टॅग नसलेल्या फ्रेम ज्यात धरल्या जातात तो, एकच असावा.

व्हीलॅन वेगळे झाले म्हणजे त्यांच्यातील रहदारी राउटरमधून किंवा लेअर ३ स्विचमधून (राउटरचेही काम करणारा स्विच) जाऊ लागते. प्रत्येक भागासाठी तिथे गेटवे (त्या भागातून बाहेर जाण्याचा पत्ता) आणि डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) द्यावे, आणि व्हीलॅन ३० मधून १०, २० व ९९ कडे जाण्यास मनाई करणारा नियम आवर्जून घालावा. तो नसेल तर केलेली विभागणी नावापुरती ठरते. रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवावा, म्हणजे चित्रांचा भार राउटरवर पडत नाही.

व्यवस्थापनाचा पत्ता ९९ मध्ये हलवण्याआधी आपला संगणक त्या व्हीलॅनच्या पोर्टवर चालतो याची खात्री करावी आणि कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट स्विचशी जोडणारी केबल, हाताशी ठेवावी. सारे काम तपासून झाल्यावरच मांडणी जतन करावी, मात्र ती त्याच दिवशी करावी. अनेक स्विचमध्ये चालू मांडणी आणि जतन केलेली मांडणी वेगवेगळी असते, आणि वीज एकदा गेली की न जतन केलेले सारे बदल पुसले जातात. तिची एक प्रत स्विचबाहेरही ठेवावी.

देखरेखीसाठी एसएनएमपी (स्विचची माहिती दुरून विचारण्याची पद्धत) सुरू करावे, परंतु ‘पब्लिक’ हा सर्वांना ठाऊक असलेला संकेतशब्द तसाच ठेवू नये. सोय असेल तर आवृत्ती ३ वापरावी. रहदारी मोजताना ६४ बिटचे काउंटर निवडावेत, कारण १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या पोर्टवर ३२ बिटचा काउंटर सुमारे ३४ सेकंदांतच फिरून शून्यावर येतो आणि आलेख खोटा दिसतो. एका पोर्टवर सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, वाढत असतील तर केबल किंवा तिचे टोक तपासावे. सिसलॉगमध्ये, म्हणजे स्विचच्या घडामोडींच्या नोंदीत, एकच मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये सारखा उड्या मारताना दिसला, तर कुणीतरी केबलचा फेरा केला असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून असा फेरा ओळखून तो रोखणारे आरएसटीपी बंद करू नये.

यंत्रमागाजवळच्या स्विचचे तापमानही याच यादीत घ्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि कापसाचा बारीक तूस पंख्याच्या जाळीवर बसतो. तापमानाचा आलेख चढू लागला, की आधी ती जाळी साफ करावी आणि मगच स्विच बदलण्याचा विचार करावा.